सोम तम: कच्च्या पपईचं तिखट थाई सॅलड घरी कसं करावं

सोम तमची चव पपई खलात पडण्याआधीच ठरलेली असते. लसूण, मिरची, ताडगूळ, लिंबू आणि फिश सॉस यांचा रस आधी खलाच्या तळाशी जमवायचा, तो चाखून पक्का करायचा आणि अगदी शेवटी, अर्ध्या मिनिटापुरती, पपई त्यात चेचायची. घरी करताना नेमकं इथेच चुकतं. पपई किसून मोठ्या भांड्यात घेतली जाते, वरून सगळं ओतून चमच्याने ढवळलं जातं. मग पपई वेगळी लागते, रस वेगळा लागतो आणि पाच मिनिटांत ताटलीत पाणी साठतं. म्हणून या लेखात साहित्यापेक्षा क्रमावर आणि हाताच्या कामावर जास्त भर दिला आहे.

पदार्थ मूळचा थायलंडच्या ईशान्येचा, म्हणजे ईसान भागाचा, आणि मेकाँग नदीपलीकडच्या लाओसचा. लाओसमध्ये त्याला तम माक हूंग म्हणतात. यातली पपई, मिरची, टोमॅटो आणि शेंगदाणा ही चारही पिकं मुळात अमेरिका खंडातली, युरोपीय जहाजांबरोबर आशियात आलेली. ईसानमधून कामधंद्यासाठी बँकॉकला गेलेल्या माणसांबरोबर सोम तमही तिथे पोचलं. शेंगदाणे आणि सुकी कोळंबी घातलेला जो आंबट-गोड प्रकार आज जगभर ओळखला जातो, तो सोम तम थाई. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच करावा. त्यात आंबट, गोड, खारट आणि तिखट या चारही चवी स्पष्ट असतात, त्यामुळे काय कमी पडलं ते लगेच कळतं.

एका घाण्याचं साहित्य

हे प्रमाण दोघांना तोंडीलावणं म्हणून किंवा एकाला भाताबरोबर पोटभर पुरतं. माणसं जास्त असतील तर प्रमाण वाढवू नका, घाणे वाढवा. खल गच्च भरला की बत्ता फिरत नाही आणि खालचं सगळं लगदा होऊन वरचं कोरडं राहतं.

- कच्च्या पपईच्या लांब काड्या: १५० ग्रॅम, साधारण दोन सैल मुठी
- लसूण: गावठी असेल तर ४ पाकळ्या, मोठ्या पाकळ्यांचा असेल तर २
- मिरच्या: २ ते ४, बारीक आणि तिखट
- चवळीच्या कोवळ्या हिरव्या शेंगा: २ लांब किंवा ४ आखूड, ३ ते ४ सेंमीचे तुकडे करून
- लहान टोमॅटो: ४ ते ५ चेरी टोमॅटो, नाहीतर १ आंबटसर गावठी टोमॅटो फोडी करून
- ताडगूळ किंवा थाई पाम साखर: १५ ते २० ग्रॅम, चिरून सपाट १ मोठा चमचा
- फिश सॉस: दीड मोठा चमचा, २२ मिली
- ताज्या लिंबाचा रस: २ मोठे चमचे, ३० मिली, शिवाय सालीसकट लिंबाची एक फोड
- सुकी कोळंबी: १ मोठा चमचा
- भाजून सोललेले शेंगदाणे: २ मोठे चमचे

मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा. लिंबं कधी रसाळ निघतात, कधी कोरडी, म्हणून नगावर न जाता रस मोजून घ्या. रस गाळून घ्या. एखादी बी खलात चेचली गेली तर सबंध घाणा कडू होतो.

पपई कशी निवडायची

पपई पूर्ण कच्ची हवी. साल गर्द हिरवी, नखाने ओरखडा काढला की पांढरा चीक लगेच वर यावा, हातात घेतल्यावर दगडासारखी टणक आणि आकाराच्या मानाने जड. कापल्यावर गर पांढरट-हिरवट आणि बिया पांढऱ्या दिसल्या पाहिजेत. बिया करड्या-काळ्या व्हायला लागल्या आणि गराला केशरी झाक आली, तर ती पपई भाजीला वापरा. तिच्यात गोडी उतरलेली असते आणि बत्त्याखाली ती मऊ पडते.

थायलंडमध्ये सोम तमसाठी खाएक दाम ही लांबट जात नावाजलेली आहे. महाराष्ट्रात नंदुरबार-जळगाव पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर होणारी लाल गराची तैवान ७८६ कच्ची असताना या कामाला चांगली चालते. एक अडचण मात्र येते. फळबाजारात येणारी पपई पिकवण्यासाठी काढलेली असते, त्यामुळे बाहेरून हिरवी दिसली तरी आतून वळलेली असू शकते. भाजीवाल्याकडे भाजीची पपई म्हणून मागा. मुंबईत गुजराती वस्तीच्या बाजारात संभारा या तोंडीलावण्यासाठी कच्ची पपई लागते, तिथे ती मिळण्याची शक्यता जास्त.

सोलण्याआधी सालीवर उभे चार-पाच ओरखडे काढून पपई दहा मिनिटं पाण्यात ठेवा, म्हणजे चीक निघून जातो. चिकाने हाताला खाज येते, तेव्हा त्वचा नाजूक असेल तर हाताला थोडं तेल लावून घ्या. रबराची ॲलर्जी असलेल्यांना कच्ची पपईही बाधू शकते. गरोदरपणात कच्ची पपई टाळायला आपल्याकडे सांगतात, ते पाळावं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या चिकामुळे गर्भाशय आकुंचन पावताना दिसलं आहे.

काड्या पाडणं

किसणी वापरू नका. किसणीवर पपईचा आखूड, ओला चुरा होतो आणि बत्त्याचा पहिला घाव बसताच त्याचं पाणी सुटतं. आपल्याला ७ ते १० सेंमी लांब, २ ते ३ मिमी जाड काड्या हव्यात, चावताना कुरकुर वाजतील अशा.

थाई पद्धत अशी: सोललेली अख्खी पपई डाव्या तळहातावर आडवी धरायची आणि जड सुरीने तिच्या लांबीच्या दिशेने पृष्ठभागावर भराभर घाव घालायचे. एकमेकांजवळ, समांतर, सेंटीमीटरभर खोल. मग सुरी आडवी धरून वरचा थर पातळ तासला की काड्या आपोआप सुटतात. पपई थोडी फिरवायची आणि पुन्हा तेच. यातून काही काड्या जाड, काही बारीक येतात. बारीक रस पितात, जाड कुरकुरीत राहतात आणि खाताना दोन्ही तोंडात येतात. सवय नसेल तर पपई हातात धरून घाव घालू नका, पाटावर ठेवूनच करा.

याहून सोपा मार्ग म्हणजे नागमोडी पात्याचं थाई सोलणं. कीवी या थाई कंपनीचं सोलणं ऑनलाइन सहज मिळतं. सोलल्यासारखं ओढलं की थेट काड्या पडतात. तेही नसेल तर विळीवर किंवा सुरीने पपईचे पातळ लांब काप काढा, चार-पाच काप एकावर एक ठेवा आणि उभे चिरा. वेळ जास्त जातो, पण काड्या उत्तम होतात. मधल्या पोकळीपर्यंत जाऊ नका, बियांजवळचा गर मऊ असतो. पाऊण किलोच्या पपईतून दोन ते तीन घाण्यांपुरत्या काड्या निघतात.

काड्या बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की ताठ होतात. त्यानंतर त्या निथळून, स्वच्छ पंचात गुंडाळून अगदी कोरड्या करणं फार महत्त्वाचं. काड्यांना चिकटून आलेलं चमचाभर पाणीसुद्धा रस फिका करायला पुरतं. निथळायचा कंटाळा असेल तर बर्फाचं पाणी टाळलेलं बरं. कोरड्या काड्या डब्यात ओलसर फडक्याखाली फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात.

खल आणि बत्ता

सोम तमचा खल मातीचा, खोल आणि वर पसरट होत जाणारा असतो, बत्ता लाकडी. ग्रॅनाइटचा जड खल थायलंडमध्ये करीचं वाटण करायला वापरतात, सोम तमला नाही, कारण दगडी बत्ता पपईचा चोथा करतो. लाकडी बत्ता हलका. तो काडीला दुखावतो, तोडत नाही. काडीचा पृष्ठभाग जागोजाग फुटतो आणि तिथून रस आत शिरतो. भांड्यात ढवळून नेमकं हेच साधत नाही.

आपल्या घरच्या खलबत्त्यात दोन अडचणी येतात. पहिली आकाराची: वेलची-आल्याच्या खलात १५० ग्रॅम पपई मावत नाही. दुसरी धातूची. लोखंडी खलात लिंबू पडलं की रसाला लोखंडाची चव येते आणि रंग काळपट होतो, पितळेत आंबट कळकतं. तेव्हा दगडी खलात लसूण, मिरची, शेंगा, दाणे आणि गूळ एवढं कुटून घ्या. मग ते एका खोल, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात काढा, पातेल्याखाली चौपदरी ओलं फडकं ठेवा आणि पुढचं काम जाड लाटण्याच्या टोकाने करा. घरात जुनं लाकडी उखळ असेल तर याहून चांगलं काही नाही, फक्त तिखट-मसाल्याचा वास पूर्ण गेलेला असावा. मिक्सर या कामात कुठेच बसत नाही. पाती कापतात, चेचत नाहीत.

मातीचा नवा खल आणलात तर रात्रभर पाण्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात मूठभर कच्चे तांदूळ दोनदा कुटून फेकून द्या, म्हणजे आतली कच निघते. मातीच्या खलाच्या बुडावर सरळ जोरात घाव घालायचा नाही, तो तडकतो. बत्ता जरा तिरका, बाजूला लागेल असा चालवायचा.

साहित्यातले बारकावे

पाम साखर. थायलंडमध्ये समुत सोंगख्राम भागात नारळाच्या आणि फेत्चबुरीत ताडाच्या रसापासून ती करतात. मऊ, फिकट तपकिरी, कॅरॅमेलचा मंद वास असलेली. आपल्याकडे पालघर-डहाणूकडचा ताडगूळ किंवा गोव्याचा माडाचा गूळ तिच्या सर्वांत जवळचा. माडाचा गूळ गडद असल्यामुळे रस काळसर दिसेल, चवीत मात्र काही उणं येत नाही. उसाचा गूळ घ्यावाच लागला तर पिवळा, कमी खारट असा निवडा आणि अर्धा गूळ, अर्धी साखर घ्या, नाहीतर गुळाचा वास लिंबावर चढतो. गूळ टणक असेल तर चमचाभर गरम पाण्यात विरघळवून घ्या. सोम तमचे विक्रेतेही पुष्कळदा पाक करूनच ठेवतात.

फिश सॉस म्हणजे मोतकांसारखे बारीक मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून काढलेला पातळ, तांबूस रस. बाटली उघडल्यावर येणारा वास भाताबरोबर, लिंबाबरोबर जागच्या जागी बसतो, त्याला घाबरून प्रमाण निम्मं करू नका. लेबलवर मासे, मीठ आणि फार तर साखर एवढंच असावं. वेगळं मीठ घालायचं नाही.

सुकी कोळंबी. इथे काळजी हवी. थाई सुकी कोळंबी आधी मिठाच्या पाण्यात उकडून मग वाळवतात, म्हणून ती थेट खाता येते. आपल्याकडचे सोडे बहुतेक वेळा कच्चीच कोळंबी सोलून उन्हात वाळवलेले असतात. ते दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात शिजवा, निथळून तव्यावर कोरडे होईतो परता आणि मग बारीक तोडून वापरा. जवळा वापरू नका, तो फार बारीक असतो आणि रसात मिसळून सगळीकडे त्याचाच वास येतो.

मिरचीला लवंगी ठीक. थायलंडमध्ये छोट्या हिरव्या-लाल मिरच्यांबरोबर काही जण सुकी लाल मिरचीही घालतात, रंगासाठी. तिखटपणा मिरच्यांच्या संख्येवर जितका अवलंबून, तितकाच त्या किती कुटल्या यावर. तीन मिरच्या दोनदा चेचून ठेवल्या तर जेवण निभावतं, त्याच तीन बारीक वाटल्या तर घास उतरत नाही. थाई विक्रेता मिरच्या किती ते आधी विचारून घेतो, घरीही तेच करावं. घाणा प्रत्येकासाठी वेगळा असल्याने मुलांचा बिनमिरचीचा आधी काढता येतो.

दाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं खमंग भाजा, पूर्ण गार झाल्यावर सोला. कूट नको. कुटाने रस दाट होऊन पपईला लपेटतो आणि पदार्थ जड लागतो. अर्धेबोबडे दाणेच हवेत. लिंबू आपलं साधं कागदीच घ्या, थायलंडमध्येही याच प्रकारचं वापरतात. बाटलीतला लिंबाचा रस इथे उपयोगाचा नाही. त्यात आंबटपणा असतो, पण सालीचा वास नसतो, आणि या सॅलडची अर्धी ताजेपणाची चव त्या वासात आहे.

कुटायचा क्रम

सगळं साहित्य चिरून, मोजून, खलाशेजारी मांडून मगच सुरुवात करा. पूर्ण काम चार मिनिटांचं आहे, मध्ये लिंबं पिळत बसायला वेळ नाही.

आधी लसूण. पाकळ्या चार-पाच घावांत फोडा. मग मिरच्या घालून आणखी सहा-सात घाव. इथे मराठी हात ठेच्याच्या सवयीने पुढे जात राहतो, त्याला आवरा: लसणाचे तुकडे आणि मिरचीचे फाटलेले भाग डोळ्यांना दिसले पाहिजेत. मिरची कुटताना वरून दुसरा हात आडवा धरा, रस डोळ्यात उडतो.

आता शेंगांचे तुकडे. दोन-तीन घावांत ते लांबीत चिरले जावेत, तुटू नयेत. अख्खी शेंग रस घेत नाही, म्हणून हे घाव गाळू नका. त्यावर सोडे आणि निम्मे दाणे घाला आणि तीन-चार हलके घाव.

मग गूळ. तो बत्त्याने घोळवत विरघळवा, एकही खडा राहता कामा नये. गूळ लिंबू-फिश सॉसच्या आधी घालायचं कारण हेच, की कोरड्यात तो बत्त्याखाली सापडतो, पातळ रसात निसटत राहतो. यानंतर फिश सॉस आणि लिंबाचा रस ओता. सालीसकटची फोड पिळून तीही खलात टाका आणि तिला दोनच हलके घाव द्या. सालीतलं सुगंधी तेल तेवढ्याने सुटतं. जास्त कुटली तर पांढऱ्या सालीचा कडवटपणा उतरतो आणि तो काढण्याचा काही उपाय नाही.

टोमॅटो सगळ्यांत शेवटी, एकेक घाव देऊन. फुटून रस सुटावा एवढंच. कुटताना बत्ता टोमॅटोवर दाबून मग जोर लावा, थेट घाव घातला तर बिया भिंतीवर जातात.

इथे थांबा आणि चमचा घेऊन रस चाखा. हा सगळ्या कृतीतला महत्त्वाचा क्षण. नुसता रस जरा प्रखर लागला पाहिजे: आधी आंबट, लगेच खारट, मागून गोड, आणि मग तिखट. नुसता पिताना तो अगदी बेताचा, छान वाटला तर पपई घातल्यावर मिळमिळीत होणार हे नक्की, कारण पपई स्वतःचं पाणी सोडते. आंबट कमी असेल तर अर्धा चमचा रस, खारट कमी असेल तर अर्धा छोटा चमचा फिश सॉस, असं थोडं थोडं वाढवत न्या. एकदा पपई पडली की दुरुस्ती अवघड होते.

रस जमला की पपई घाला. उजव्या हातात बत्ता, डाव्या हातात लांब दांड्याचा मोठा चमचा. बत्त्याचा एक घाव, लगेच चमच्याने बाजूने तळाशी जाऊन वर उलटवणं, पुन्हा घाव, पुन्हा उलटवणं. दोन्ही हातांचा ताल एकदा बसला की काम भरभर होतं. वीस ते पंचवीस घाव, अर्धा मिनिट, त्यापुढे नाही. काड्या किंचित लवचिक दिसतात, थोड्या चमकतात, पण मोडल्यावर कट्‌ आवाज येतो, तिथे हात थांबवा. उरलेले दाणे वरून घाला, एकदा उलटवा आणि तळातल्या रसासकट खोलगट ताटलीत काढा. लगेच वाढा.

बिघडतं ते का

ताटलीत पाणी साचतं याची कारणं तीन: काड्या ओल्या होत्या, कुटणं लांबलं, किंवा वाढायला उशीर झाला. मीठ आणि साखर पपईतलं पाणी बाहेर ओढतात, हे थांबवता येत नाही, फक्त दहा मिनिटांच्या आत खाऊन त्याला चुकवता येतं. म्हणून पाहुणे पानावर बसल्यावरच कुटायला घ्या. आधी करून फ्रिजमध्ये ठेवायचा हा पदार्थ नाही. काड्या, भाजलेले दाणे, शिजवलेले सोडे आणि गुळाचा पाक मात्र सकाळीच तयार ठेवता येतात.

फार तिखट झालं तर पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. मिरचीचे दिसणारे तुकडे वेचून काढा, मूठभर पपई आणि थोडा लिंबू-गूळ वाढवा, बरोबर भात घ्या. फार खारट झालं तर गूळ ओतून झाकू नका, त्याने दोन्ही चवी विचित्र होतात. पपई वाढवा, नसेल तर काकडीच्या काड्या. कच्च्या लसणाचाच वास येत असेल तर पाकळ्या मोठ्या होत्या किंवा लसूण बारीक वाटला गेला. नुसतं आंबट-गोड, लिंबाच्या सरबतासारखं लागत असेल तर फिश सॉस कमी पडला, घाबरून हात आखडल्याचं ते लक्षण.

मासळी न खाणाऱ्यांसाठी

थायलंडमध्ये दरवर्षी, बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास, नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव पाळतात. त्या पद्धतीच्या जेवणात मासळी आणि मांस तर नसतंच, लसूण-कांदाही चालत नाही. तेव्हा बिनमासळीचं, बिनलसणाचं सोम तम ही काही ओढूनताणून केलेली तडजोड नाही, जैन घरांतही ते तसंच करता येईल.

फिश सॉसऐवजी १ मोठा चमचा पातळ सोया सॉस आणि पाव छोटा चमचा मीठ घ्या. गडद, दाट सोया सॉस नको, त्याने पपई काळी पडते आणि मळकट गोडी येते. सोडे वगळा, दाणे ३ चमचे करा आणि टोमॅटो दोन जास्त घाला. मासळीतून येणारा खोल स्वाद थोडा टोमॅटोतून आणि थोडा सोयातून भरून निघतो. चिमूटभर अजिनोमोटो घालण्याची थायलंडमध्ये सर्रास पद्धत आहे. ज्यांना चालतं त्यांनी या प्रकारात जरूर घालावं, इथे त्याचा खरोखर उपयोग होतो.

ईसानची मूळ चव, आणि एक सावधगिरी

ईसानमधले लोक स्वतःसाठी करतात त्यात शेंगदाणे नसतात, गूळ नावापुरता किंवा अजिबात नाही, आणि फिश सॉसच्या जोडीला प्ला रा असतो. गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि तांदळाच्या कोंड्याबरोबर अनेक महिने मुरवून केलेला हा दाट, करडा, उग्र वासाचा रस. त्याच्याबरोबर खारवलेले छोटे शेतातले खेकडेही कुटतात. ही चव फार वेगळी आहे आणि एकदा आवडली की सोम तम थाई गुळचट वाटायला लागतं.

पण कच्च्या प्ला रामधून यकृतातल्या कृमींचा संसर्ग होऊ शकतो, ईसानमध्ये हा जुना आणि गंभीर प्रश्न आहे. उकळलेला, बाटलीबंद प्ला राच घ्या आणि तरीही घरी पुन्हा एक उकळी आणा. एका घाण्याला १ मोठा चमचा पुरे, फिश सॉस तेवढाच कमी करा. कच्चा खेकडा तर वगळाच. गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यांतून फुप्फुसातले कृमी माणसात येतात, मीठ लावल्याने ते हमखास मरत नाहीत. आपल्या ओढ्यातल्या, शेतातल्या खेकड्यांनाही हेच लागू.

बरोबर काय

चिकट भात, म्हणजे खाओ निआओ. हा तांदूळ वेगळा असतो आणि पाण्यात शिजवत नाहीत. किमान चार तास किंवा रात्रभर भिजवून, निथळून, नुसत्या वाफेवर वीस ते पंचवीस मिनिटं शिजवायचा. आपलं मोदकपात्र याला अगदी योग्य. चाळणीत ओलं पातळ फडकं अंथरा, तांदळाचा थर दोन बोटांपेक्षा जाड नको, बारा मिनिटांनी फडक्यासकट उलटा करा. शिजला की परातीत पसरून वाफ जाऊ द्या आणि झाकून ठेवा. हाताने गोळी करून ती सोम तमच्या रसात बुडवून खातात. इंद्रायणी त्याची जागा पूर्ण घेत नाही, पण जेवायला चालते. तांदूळ जरा कमी पाण्यात मोकळाच ठेवा.

भाताबरोबर निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि कच्च्या भाज्यांचं ताट: कोबीचा जाड तुकडा, चवळीच्या शेंगा, काकडी, तुळशीजातीची पानं. तिखट फार झालं की कोबीचं पान चावायचं, त्यासाठीच तो ताटात असतो.

पपई मिळाली नाही तर

याच रसात, याच क्रमाने बरंच काही कुटता येतं. काकडीचं करताना बियांचा भाग काढा आणि दहाच घाव द्या. उकडलेल्या मक्याच्या दाण्यांना वीस घाव लागतात, त्यात गूळ निम्मा करा कारण मका गोड असतो. कैरी घेतली तर लिंबाचा रस एक चमच्यावर आणा, गूळ थोडा वाढवा. गाजराच्या काड्या रंगासाठी पपईत मिसळायला हरकत नाही, पाव वाट्यापेक्षा जास्त झाल्या तर गोडी वाढते.

परदेशात, विशेषतः युरोपात, कच्ची पपई मिळत नाही किंवा फार महाग पडते, तिथे नवलकोल घ्या. तिकडचे थाई लोकही तो वापरतात. साल जाड काढा, आतला दोरदार भाग राहू देऊ नका आणि २ मिमीच्या काड्या करा. नवलकोलाला मुळ्यासारखा हलका झणका असतो, म्हणून काड्यांना चिमूटभर मीठ चोळून पाच मिनिटांनी पिळून घ्या आणि फिश सॉस अर्धा छोटा चमचा कमी करा. तो पपईपेक्षा कडक असतो, त्यामुळे घाव पाच-सात जास्त लागतील.